पत्र्याच्या झाकणांचा झगा

चालीरीतींच्या इतिहासात जन्मतिथी सापडणे हा प्रकार विरळाच. कोणत्याही गावातील वृद्धास एखाद्या जत्रेविषयी किंवा वेषाविषयी विचारले असता ‘पूर्वापार चालत आले आहे’ एवढेच उत्तर मिळते, आणि इतिहासलेखकासही पुष्कळदा त्याहून अधिक काही सांगता येत नाही. उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे लोकांमध्ये मात्र स्त्रियांच्या एका वेषाची जन्मवेळ दोनतीन वर्षांच्या आत निश्चित करता येते. हा वेष १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीत किंवा तिच्या पाठोपाठ जन्मास आला. आणि शंभर वर्षांच्या अंतराने, २०२० साली, दुसरी तशीच साथ पृथ्वीभर पसरली तेव्हा त्याच वेषाने एक नवीनच जागा धरली. ती जागा म्हणजे फेसबुक होय. पहिल्या साथीत जन्मलेला वेष दुसऱ्या साथीत पडद्यावर आला तेव्हा त्याचे काय राहिले व काय गेले, हे पाहावे असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ओजिब्वे हे सुपीरियर सरोवराच्या आसपासच्या अरण्यांत व तळ्यांच्या काठी राहणारे लोक. आज त्यांच्या वस्त्या अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन व मिशिगन या राज्यांत आणि कॅनडातील ऑन्टॅरिओ, मॅनिटोबा इत्यादी प्रांतांत विखुरलेल्या आहेत. दोन देशांमधील सीमारेषा त्यांच्या मुलुखातून त्यांना न विचारता ओढली गेली. होडीत बसून तळ्यांतील रानतांदूळ झोडून घेणे, मेपलच्या झाडाच्या रसाची साखर करणे, मासे धरणे हे त्यांचे परंपरागत उद्योग. स्वतःस ते अनिशिनाबे म्हणवतात. आपल्याकडील जुन्या पुस्तकांत अशा सर्वच लोकांना सरसकट ‘तांबडे इंडियन’ म्हटलेले आढळते. कोलंबस ज्या देशाच्या शोधात निघाला होता तो देश आपला. त्याच्या चुकीने दुसऱ्यांच्या माथी बसलेले नाव निदान आपण तरी विचार करून वापरावे.

ज्या वेषाविषयी येथे लिहावयाचे आहे त्यास इंग्रजीत ‘जिंगल ड्रेस’ म्हणतात. आपण त्यास रुणझुणता झगा म्हणू. खांद्यापासून पोटऱ्यांपर्यंत येणारा कापडी झगा, आणि त्यावर ओळीओळींनी लावलेले पत्र्याचे लहान लहान शंकू, असे त्याचे रूप असते. प्रत्येक शंकू निमुळत्या टोकाशी फितीने बांधून असा लोंबता सोडलेला असतो की, अंग हलताच तो शेजारच्या शंकूवर आपटावा. एका झग्यावर असे शेकडो शंकू असतात. काही स्त्रिया वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक याप्रमाणे ३६५ शंकू लावतात आणि एकेक लावताना एकेक प्रार्थना करतात. परंतु हा नियम सर्वत्र आहे असे नाही. त्याचा आवाज आपल्या घुंगरांसारखा नव्हे. घुंगराच्या पोटात खडा असतो, त्यामुळे तो खणखणतो. येथे पत्र्यावर पत्रा घासून जो नाद निघतो तो छपरावर पडणाऱ्या बारीक पावसाशी अधिक जुळणारा आहे. नाचही संथच. जुन्या रीतीने नाचणारी स्त्री हात कमरेवर ठेवते. तिचा एक पाय सदैव जमिनीला टेकलेला असतो. आणि लहान, किंचित उसळत्या पावलांनी ती ढोलाभोवती सरकत जाते. गिरक्या नाहीत, उड्या नाहीत. अनेक स्त्रिया एका वर्तुळात चालू लागल्या म्हणजे त्यांच्या अंगावरील शंकूंचा नाद एक होतो, आणि या एकवटलेल्या नादातच रोग हटवण्याचे सामर्थ्य आहे, अशी त्या लोकांची श्रद्धा आहे. म्हणून या झग्याला नुसते नाचाचे कपडे समजणे चुकीचे होईल. तो त्यांच्या दृष्टीने औषध आहे.

त्याची कथा थोडक्यात अशी सांगतात. एका माणसाची लहान मुलगी आजारी पडली आणि वाचण्याची आशा राहिली नाही. तेव्हा बापाला स्वप्न पडले. स्वप्नात त्याला हा झगा दिसला, तो कसा करावयाचा ते कळले, पावले कशी टाकावयाची तेही कळले. जागा झाल्यावर त्याने तो झगा तयार करविला, मुलीच्या अंगावर घातला आणि तिला नाचावयास सांगितले. कोणी म्हणतात, पहिल्या फेरीला तिला उचलूनच न्यावे लागले. मुलगी नाचता नाचता बरी झाली. पुढे तिने इतर मुलींना हा नाच शिकविला. ऑन्टॅरिओत लेक ऑफ द वूड्स नावाच्या सरोवराकाठी व्हाइटफिश बे म्हणून वस्ती आहे. तेथील लोक या मुलीचे नावही सांगतात, मॅगी व्हाइट. मिनेसोटातील मिल लॅक्सच्या कथेत स्वप्नात चार स्त्रिया येतात आणि त्यांच्या अंगावर चार रंगांचे झगे असतात. रेड लेक येथील लोकही या परंपरेवर आपला हक्क सांगतात. नामदेवांचे जन्मगाव नरसी की पंढरपूर या वादाशी परिचित असलेल्या मराठी वाचकास याचे नवल वाटणार नाही. जी गोष्ट आपली असावी असे अनेकांना वाटते तिलाच अनेक गावे फुटतात.

आता या कथेत रोगाचे नाव नाही, सालही नाही. ते कोठून आले? मिनेसोटा विद्यापीठातील इतिहासकार ब्रेंडा चाइल्ड या स्वतः रेड लेकच्या ओजिब्वे. त्यांनी या विषयाचा पुष्कळ शोध केला असून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आजोबांच्या पिढीवरील ग्रंथात त्याची चर्चा केली आहे. त्यांचा आधार छायाचित्रांचा आहे. सरोवरांच्या त्या प्रदेशातील जुनी छायाचित्रे धुंडाळली असता १९२० च्या सुमारापूर्वी हा झगा कोठे दिसत नाही. त्यानंतर मात्र तो सीमेच्या दोन्ही बाजूंना दिसू लागतो. अमुक वस्तू दिसत नाही म्हणून ती नव्हतीच, हा तर्क एरवी लंगडा असतो, आणि इतिहासात त्यावर फार भार टाकू नये हे खरे. परंतु येथे तो एकटा नाही. वेषाचा हेतू रोगनिवारण, कथेच्या मध्यभागी आजारी मूल, आणि काळ १९१८ ते १९२०. ही तीन सूत्रे एकत्र पाहिली म्हणजे इन्फ्ल्युएंझाखेरीज दुसऱ्या रोगाकडे बोट दाखविणे कठीण आहे. प्रस्तुत लेखकास तरी चाइल्डबाईंचे म्हणणे पूर्ण पटते.

ती साथ आपल्यालाही अपरिचित नाही. जून १९१८ मध्ये ती जहाजांच्या वाटेने मुंबईस उतरली, आणि पावसाळ्याच्या अखेरीस तिने जो दुसरा फेरा घेतला त्यात घरेच्या घरे बसली. महाराष्ट्रात तिला ‘मानमोडी’ म्हणत. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे तिने नेली. त्या मानाने अमेरिकेतील मूळच्या रहिवाशांची संख्या फार लहान. परंतु प्रमाण पाहिले तर आघात भयंकर होता. सरकारी गणनेप्रमाणे ऑक्टोबर १९१८ ते मार्च १९१९ या सहा महिन्यांत, सुमारे तीन लाख लोकांमध्ये त्र्याहत्तर हजारांवर माणसे आजारी पडली व सहा हजारांहून अधिक मेली. आजारी पडलेल्या दर बाराजणांत एक, असा हा हिशेब पडतो. राखीव भूमीतील दाट झोपड्या, अपुरे अन्न आणि आधीपासूनच घर करून बसलेला क्षय यांनी रोगाची वाट मोकळी करून ठेवली होती.

त्या काळी या लोकांच्या वेषाकडे सरकार कोणत्या दृष्टीने पाहत होते, हे समजल्यावाचून झग्याचे मर्म ध्यानात येणार नाही. १८७९ साली पेन्सिल्व्हेनियातील कार्लाइल येथे त्यांच्या मुलांसाठी एक निवासी शाळा निघाली, आणि पुढे तिच्या नमुन्यावर देशभर शाळा निघाल्या. शाळेत पाऊल टाकताच मुलांचे केस कापावयाचे, अंगावरचे कपडे उतरवून गणवेष चढवावयाचा, आणि घरची भाषा बोलू द्यावयाची नाही, असा शिरस्ता होता. कार्लाइलच्या चालकांनी आपल्या यशाची जाहिरात करण्यासाठी छायाचित्रांच्या जोड्या काढविल्या; एकात मुलगा आला तेव्हाचा, दुसऱ्यात ‘सुधारल्या’नंतरचा. टॉम टोर्लिनो नावाच्या नवाहो तरुणाची १८८२ व १८८५ ची अशी जोडी फार प्रसिद्ध आहे. लांब केस, कानांतील कड्या व गळ्यातील माळ एका चित्रात. आखूड केस व कोट दुसऱ्यात. म्हणजे कॅमेरा हे या लोकांच्या बाबतीत प्रथमतः वेष उतरविल्याचा पुरावा देणारे यंत्र होते. ही गोष्ट पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे. कार्लाइलची शाळा १ सप्टेंबर १९१८ रोजी, साथीचा मोठा लोंढा येण्याच्या तोंडावरच, बंद झाली व ती जागा लष्करी रुग्णालयास गेली, हा एक योगायोग.

वेषाप्रमाणेच नाचही डोळ्यांत सलत होता. १८८३ साली अमेरिकन सरकारने ‘इंडियन अपराधां’ची एक संहिता केली, तीत कित्येक नाच व मेजवान्या हे अपराध ठरविले आणि शिक्षा म्हणून शिधा तोडण्याची किंवा कैदेची तरतूद केली. कॅनडाने १९१४ साली पश्चिमेकडील प्रांतांत असा कायदा केला की, परवानगीवाचून आपल्या राखीव भूमीबाहेर जाऊन परंपरागत वेषात नाचणे हा गुन्हा समजावा. हे निर्बंध तेथील कायद्यातून १९५१ साली गेले. अमेरिकेत चार्ल्स बर्क नावाच्या आयुक्ताने १९२१ साली नाचांविरुद्ध एक परिपत्रक काढले, आणि १९२३ साली त्यास पुरवणी जोडली. या पुरवणीतील शिफारशी मिशनऱ्यांच्या होत्या, आणि त्या वाचताना हसावे की रडावे हे कळत नाही. नाच महिन्यातून एकदाच व्हावा. तो आठवड्याच्या मध्यावर, दिवसाउजेडी व्हावा. मार्च, एप्रिल, जून, जुलै व ऑगस्ट या महिन्यांत मुळीच होऊ नये. आणि पन्नास वर्षांखालील कोणीही त्यात भाग घेऊ नये, किंबहुना तेथे हजरही राहू नये! पाच महिने वगळलेले, आणि तेही बहुतेक उन्हाळ्याचे, म्हणजे उत्तरेकडील थंड मुलुखात लोक एकत्र जमू शकतात तेच. वयाची अट तर अशी की नाच म्हाताऱ्यांबरोबर आपोआप मरावा. नेमक्या याच वर्षांत एका लहान मुलीपासून सुरू झालेला हा नाच गावोगाव पसरत होता.

तो कसा पसरला? सरकारी अंमलदारांची नजर चुकवून, आणि कधी त्यांच्याच सणाच्या आडोशाने. अनेक जमाती ४ जुलैच्या स्वातंत्र्यदिनी नाच धरीत. त्या दिवशी देशभक्तीच्या उत्सवास ‘नको’ म्हणणे अंमलदारास अवघड जाई. १९३४ साली जॉन कॉलियर हा आयुक्त असताना धर्माचार व चालीरीती यांत ढवळाढवळ न करण्याचे धोरण जाहीर झाले. तोपर्यंत झगा ओजिब्वेंच्या हद्दीबाहेर डकोटा व लकोटा लोकांपर्यंत जाऊन पोचला होता.

झगा ज्याचा बनला ती वस्तू पाहण्यासारखी आहे. शंकू पूर्वीही होते. फरच्या व्यापाराच्या दिवसांत जुन्या तांब्यापितळेच्या भांड्यांचे पत्रे कापून त्यांचे लोंबते शंकू कपड्यांना व पिशव्यांना लावीत. या झग्यासाठी मात्र जे शंकू बायकांनी वळले ते ओल्या तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांचे. ही तपकीर ओठाआड धरावयाची असते. डबा संपला की झाकण फेकून द्यावयाचे. कोपनहेगन नावाच्या तपकिरीची झाकणे तर या झग्याची ओळखच होऊन बसली, आणि जुन्या झग्यांवर त्यांची उठावाची अक्षरे अजून वाचता येतात. कारखान्यातून निघालेला, दुकानात विकला गेलेला, वापरून टाकून दिलेला पत्रा! ज्यांना परंपरा म्हणजे शुद्ध, प्राचीन, बाहेरचा वारा न लागलेली वस्तू वाटते त्यांनी या झाकणांचा अवश्य विचार करावा. तंबाखू ही ओजिब्वेंच्या दृष्टीने पवित्र वनस्पती. आजाऱ्याचे आप्त नाचणाऱ्या स्त्रीच्या हातावर तंबाखू ठेवून ‘आमच्या माणसासाठी नाच’ अशी विनंती करतात. ती स्वीकारली की नाच बांधील झाला. तेव्हा तंबाखूच्याच डब्याचे झाकण झग्यावर यावे यात केवळ टाकाऊ वस्तूचा उपयोग होता, की त्याहून काही अधिक, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. शतकाच्या मध्यास हा नाच बराच मागे पडला. काही वस्त्यांतच तो टिकून राहिला. १९८० च्या दशकात त्याचे पुनरुज्जीवन झाले आणि तो उत्तर अमेरिकाभर पॉववॉवमध्ये, म्हणजे निरनिराळ्या जमातींच्या नृत्यमेळाव्यांमध्ये, नाचला जाऊ लागला. त्यात स्पर्धा आल्या, बक्षिसे आली, झगे चकचकीत झाले, शंकू बाजारात तयार मिळू लागले. औषधाची स्पर्धा कशी लावता, अशी कुरकुरही झाली. २०१९ साली मिल लॅक्स येथील संग्रहालयात या झग्याच्या शंभरीचे प्रदर्शन भरले, आणि त्याच वर्षी १५ जून रोजी गूगलने आपल्या पहिल्या पानावर त्याचे चित्र लावून त्याचा गौरव केला. तेव्हा एका वर्षाच्या आत त्याला पुन्हा साथीच्या कामास जुंपावे लागेल, असे कोणाच्या मनात आले असेल?

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे अमेरिकेतील सर्व मेळावे एकामागून एक रद्द झाले. ॲल्बुकर्क येथे दरवर्षी एप्रिलमध्ये भरणारा ‘गॅदरिंग ऑफ नेशन्स’ हा प्रचंड मेळावाही मैदानावर भरला नाही. राखीव भूमींच्या वाटा पुष्कळ ठिकाणी जमातींच्या सरकारांनी स्वतःच रोखल्या. दक्षिण डकोटातील शायेन रिव्हरच्या लोकांनी रस्त्यांवर नाकी बसविली तेव्हा राज्याच्या गव्हर्नरशी त्यांचा जाहीर तंटा झाला. भीती निराधार नव्हती. ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी आरोग्यखात्याच्या पाहणीत, तेवीस राज्यांत मूळ रहिवाशांमधील रोगाचे प्रमाण गोऱ्यांच्या साडेतीनपट आढळले. मे महिन्यात नवाहो लोकांच्या प्रदेशातील प्रमाण न्यूयॉर्कच्याही पुढे गेले होते. तेथील सुमारे एक तृतीयांश घरांत नळाचे पाणी नव्हते आणि सल्ला मात्र वारंवार हात धुण्याचा होता. शिवाय रोग नेमका वृद्धांस गाठणारा. ज्या भाषा बोलणारे मूठभर वृद्धच उरले आहेत, तेथे एकेक मृत्यू म्हणजे शब्दकोशाची पाने फाटल्यासारखे. लस आली तेव्हा चेरोकी सरकारने आपली भाषा अस्खलित बोलणाऱ्यांस ती आधी टोचली, याचे कारण हेच.

येथे १९२३ ची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तेव्हा ‘एकत्र जमून नाचू नका’ असे परके सरकार सांगत होते, आणि ते मोडण्यात लोकांचे हित होते. २०२० मध्ये तेच शब्द जमातीच्या आपल्याच वडीलधाऱ्यांच्या तोंडी आले, आणि ते पाळण्यात हित होते. रोग आला की नाचावयाचे, हा झग्याचा धर्म. आणि जमलात तर रोग पसरेल, ही रोगाची अट. या पेचातून जी वाट निघाली ती मोबाइलच्या पडद्यातून.

मार्चच्या मध्यास तिघांनी मिळून फेसबुकवर ‘सोशल डिस्टन्स पॉववॉव’ नावाचा एक समूह उघडला. काही आठवड्यांत त्याचे सभासद लाखावर गेले. त्याच सुमारास रुणझुणते झगे घालून नाचणाऱ्या स्त्रियांमध्ये निरोप फिरले की, प्रत्येकीने आपापल्या दारात आजाऱ्यांसाठी नाचावे आणि त्याची चित्रफीत पाठवावी. चित्रफितींचा पूर आला. कोणी अंगणात नाचते आहे, कोणी बैठकीच्या खोलीत खुर्च्या बाजूला सारून, कोणी बर्फ अजून वितळलेले नाही अशा मोकळ्या रानात; ढोलकरी जमू शकत नसल्यामुळे ढोल ध्वनिमुद्रित. आजी, आई व नात एका ओळीत. मेळाव्यातील निवेदक घरून बोलत, मेळाव्यात मणी व कपडे विकून पोट भरणारे कारागीर त्याच समूहात आपला माल मांडीत. नवाहो छायाचित्रकार यूजीन तापाहे यांना याच सुमारास स्वप्न पडले की, गवे चरत असलेल्या कुरणात झगे घातलेल्या स्त्रिया येऊन नाचत आहेत. त्यांची मावशी कोविडने गेली होती. आपल्या दोन मुली व त्यांच्या दोन मैत्रिणी यांना घेऊन ते देशभर हिंडले आणि मोठमोठ्या राष्ट्रीय उद्यानांत, म्हणजे पूर्वी ज्यांची भूमी होती त्यांच्या भूमीवर, त्या चौघींची झग्यांतील छायाचित्रे त्यांनी काढली. साथ, स्वप्न आणि चार स्त्रिया! मिल लॅक्सची कथा ज्यांनी ऐकली आहे त्यांना याचे आश्चर्य वाटेल किंवा वाटणारही नाही.

हे सर्व ऐकावयास गोड आहे. परंतु यात काही गमावले गेले, हेही मान्य केले पाहिजे. झग्याचे सामर्थ्य एकवटलेल्या नादात आहे असे आपण वर पाहिले. मोबाइलच्या चिमुकल्या ध्वनियंत्रातून त्या पावसाचा चरचराट तेवढा ऐकू येतो, आणि तोही एकाच झग्याचा. दहा हजार चित्रफिती म्हणजे दहा हजार स्त्रियांचे वर्तुळ नव्हे. तंबाखू हातावर ठेवल्यावाचून विनंती पुरी होत नाही; संदेश धाडून केलेल्या विनंतीचे काय? याहून नाजूक प्रश्न दाखविण्याचा आहे. मेळाव्यात काही गाण्यांच्या वेळी निवेदक कॅमेरे खाली ठेवावयास सांगतो, आणि रोगनिवारणाच्या नाचाचे चित्रण कित्येक ठिकाणी मुळीच होऊ देत नाहीत. ज्याचे चित्र काढू नये तेच स्वतः काढून लाखो अनोळखी लोकांपुढे ठेवावे काय? जुन्या पिढीतील काहींना हे रुचले नाही, आणि त्यांचा आक्षेप हेकटपणाचा म्हणून उडवून लावता येणार नाही. त्यातही ज्यांच्यासाठी नाचावयाचे ते राखीव भूमीतील वृद्ध; इंटरनेटची तार त्यांच्याच घरापर्यंत सर्वांत कमी पोचलेली.

असे असूनही या चित्रफितींना परंपरेचा भंग म्हणणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही. झगा मुळातच परक्याच्या बाजारातून उचललेल्या वस्तूवर उभा आहे. तपकिरीचा कारखाना ओजिब्वेंसाठी निघाला नव्हता आणि फेसबुकही निघाले नव्हते. दोन्ही नफ्यासाठी निघाले, आणि दोहोंतून बायकांनी आपल्याला हवे तेवढे कापून घेतले. फरक आहे तो पुढचा. झाकण एकदा कापून वळले की ते त्या बाईचे झाले. तिच्या झग्याचा नाद कोणी ऐकावा, कधी ऐकावा, त्यानंतर काय ऐकू यावे, यावर तपकीर विकणाऱ्याचा काडीचाही अधिकार उरला नाही. चित्रफितीचे तसे नाही. ती कोणापुढे जावी, तिच्या खाली कोणती जाहिरात यावी, ती किती वर्षे ठेवावी, हे सर्व ज्याच्या कोठारात ती ठेवली त्याच्या हाती. आक्षेप घ्यावयाचा तर तो नाचणारीने पडद्यावर येण्यावर नको. पडद्याच्या मालकीवर हवा.

सर्व काही पडद्यावरच राहिले असेही नाही. २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड याचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला. हे शहर ओजिब्वेंच्या मुलुखाच्या जवळचे, आणि तेथे त्यांची मोठी वस्ती आहे. थोड्याच दिवसांत झगे घातलेल्या स्त्रिया त्या चौकात आल्या आणि रस्त्यावर वर्तुळ धरून नाचल्या. अंतर राखण्याचे दिवस होते. तोंडावर मुखपट्ट्या होत्या. मृत मनुष्य त्यांच्या जमातीचा नव्हता, आणि तो रोगाने गेला नव्हता. तरी नाच तोच.

इतिहासाच्या अभ्यासकास या चित्रफितींचे मोल निराळेच वाटेल. कार्लाइलच्या छायाचित्रकाराने वेष उतरल्याचा पुरावा केला. १९२० च्या आसपासच्या छायाचित्रांनी झग्याची जन्मवेळ सांगितली. परंतु त्या चित्रांत चेहरा दिसतो, शंकूंच्या ओळी दिसतात, आणि ती बाई कोणासाठी नाचत होती ते मात्र चित्र सांगत नाही. २०२० मधील स्त्रिया नाचण्यापूर्वी पुष्कळदा कॅमेऱ्यासमोर उभ्या राहून ते बोलून दाखवितात: रुग्णालयात असलेल्या मावशीसाठी, परिचारिकेचे काम करणाऱ्या बहिणीसाठी, ज्यांना भेटता येत नाही त्या आजोबांसाठी. मग त्या दोन पावले मागे सरतात, आणि शंकू वाजू लागतात.